आदिबंधापासून माणसापर्यंत : कथेतलं पात्र उभं करण्याची क्रमवार रीत

नव्या लेखकांच्या कथा आणि एकांकिका वाचताना एक चूक सतत भेटते. लेखकाने कुठेतरी आदिबंधांची (आर्किटाइप, म्हणजे कथांतून पुन्हा पुन्हा दिसणारे पात्रांचे मूळ साचे) यादी वाचलेली असते: नायक, गुरू, माता, सावली, बहुरूपी. त्यातला एक साचा तो उचलतो. पात्राला खोली यावी म्हणून मानसशास्त्रातली एखादी संज्ञा किंवा एखादा आजार त्याला जोडतो आणि लिहायला बसतो. तिसऱ्या पानावर गुरू उपदेश करत असतो, माता रडत असते आणि खलनायकाला लहानपणी वडिलांनी मारलेलं असतं.

बिघाड क्रमात आहे. आदिबंध सांगतो की कथेत या पात्राचं काम काय. ते काम हाच माणूस अशाच तऱ्हेने का करतो, हे मानसशास्त्रातून काढायचं असतं. साच्यातूनच स्वभाव काढायला गेलं की पात्र पुतळा होतं. नुसत्या स्वभावावर भिस्त ठेवली की पात्र जिवंत वाटतं, पण कथा जागची हलत नाही.

खालचे टप्पे एका पात्रासाठी आहेत. दीड-दीड तासाच्या तीन बैठका धरा. पहिल्या बैठकीत टप्पा १ आणि २, दुसऱ्या बैठकीत ३ ते ५, तिसऱ्या बैठकीत ६ आणि ७. टप्पा ८ आणि ९ पहिला खर्डा लिहून झाल्यावरचे.

तयारी

फुलस्केप कागद आडवा धरून सहा रकाने आखा: काम, मागणी, गरज, भीती, बचाव, मुखवटा आणि सावली. प्रत्येक रकान्यात एकच वाक्य जाईल. दोन वाक्यं लागली तर तो रकाना अजून ठरलेला नाही असं समजा.

बसण्याआधी आठवडाभर नोंदी करा. निदान दहा. प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांच्या, आणि फक्त कृतींच्या. 'चिडकी बाई' ही नोंद नव्हे. 'सुटे पैसे हातावर न देता रिक्षाच्या सीटवर ठेवले आणि मागे न बघता गेली' ही नोंद. विशेषण लिहिलंत की निष्कर्ष आधीच काढला जातो आणि पुढे वापरायला काही उरत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. आपण वापरणार आहोत त्या सगळ्या कल्पनांचं वजन सारखं नाही. शिकलेली भीती, स्मृतीतले बदल, वागणं आणि मत यांतला विसंवाद यांच्यामागे प्रयोग आहेत. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगची 'सामूहिक नेणीव' (सगळ्या माणसांच्या मनात जन्मतः सारखाच असलेला नेणिवेचा थर) प्रयोगाने सिद्ध झालेली नाही. कथेची बांधणी समजायला ती उपयोगी आहे, माणसाच्या मेंदूबद्दलचं विधान म्हणून नाही. युंगने स्वतः आदिबंधाला स्फटिकाच्या ठेवणीची उपमा दिली होती: द्रावणातून स्फटिक कोणत्या आकारात बनणार हे ती ठेवण ठरवते, पण ती वेगळी काढून हातात घेता येत नाही. म्हणजे आदिबंध हा रिकामा आकार. आत काय भरायचं ते तुमच्या हातात आहे.

टप्पा १ : नाव ठेवण्याआधी काम ठरवा

पात्राला नाव, वय, व्यवसाय काहीही देऊ नका. आधी एक क्रियापद द्या. हे पात्र कथेत काय करतं? धाडतं, देतं, अडवतं, सोबत करतं, फसवतं, दुसऱ्याचं श्रेय घेतं?

रशियन परीकथांचा अभ्यास करून व्लादिमिर प्रॉपने १९२८ साली सात भूमिका मांडल्या: खलपुरुष, देणारा, मदतनीस, राजकन्या (तिच्या बापासह), धाडणारा, नायक आणि तोतया नायक. त्याचा सगळ्यात कामाचा मुद्दा नवे लेखक सोडून देतात. एक भूमिका अनेक पात्रांत वाटली जाऊ शकते आणि एकच पात्र अनेक भूमिका करू शकतं.

श्रावणातल्या शिवामुठीच्या कहाणीत हे लगेच दिसतं. नावडती सून रानात जाते, नागकन्या-देवकन्या भेटतात आणि तिला वसा देतात. देणाऱ्या अनेक आहेत, भूमिका एकच आहे. 'उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये' ही देण्यासोबत घातलेली अट. अशी अट मोडली की पुढचं संकट आपोआप उभं राहतं. कहाणीला नागकन्येचा स्वभाव लागत नाही, भूमिका पुरते. आजच्या कथेला तेवढं पुरत नाही. आपलं उरलेलं काम तिथूनच सुरू होतं.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेऊ. कोकणातलं वडिलोपार्जित घर. ठाण्याहून पुतणी रेवती येते. घर विकायचं आहे आणि सातबाऱ्यावर आत्याचंही नाव असल्याने तिची सही हवी आहे. आत्या त्या घरात राहते. तिचं क्रियापद: अडवते. पुराणकथांचा अभ्यासक जोसेफ कॅम्बेल याच्या मांडणीत याला उंबरठ्यावरचा पहारेकरी म्हणतात. आपल्याला त्याहून जवळचा शब्द आहे, राखणदार. कोकण-गोव्यात सीमेचा आणि जमिनीचा राखणदार मान राखणाऱ्याला वाट दाखवतो आणि न राखणाऱ्याला अडवतो, अशी श्रद्धा आहे. ही दुहेरी बाजू महत्त्वाची. राखणदार शत्रू नसतो. तो पारखतो.

तपासणी: पात्र कथेतून काढून टाका. कथा तशीच पुढे सरकली तर पात्राला काम नाही. हे नक्की झाल्याशिवाय टप्पा २ कडे जाऊ नका.

सावधान: प्रॉपची यादी कथानकातल्या भूमिकांची आहे. युंगची मुखवटा, सावली ही नावं एकाच माणसाच्या मनातल्या भागांची आहेत. 'माझ्या कथेत एक नायक, एक मदतनीस आणि एक सावली आहे' असं म्हणणं म्हणजे घरात तीन खोल्या आणि एक स्वभाव आहे असं म्हणणं. युंग टप्पा ५ मध्ये येईल.

टप्पा २ : मागणी आणि गरज वेगळी लिहा

मागणी म्हणजे पात्र तोंडाने काय मागतं. गरज म्हणजे काय मिळालं तर त्याची धडपड थांबेल. दोन्ही एकच निघाल्या तर पात्र सपाट होतं, कारण मागणी पुरी करताच कथा संपते.

आत्याची मागणी: सही करणार नाही. गरज: या घराची मालकीण म्हणून कुणीतरी तिला विचारावं. आजवर सगळ्यांनी तिला घर सांभाळणारी बाई धरलं आहे.

इथे बहुतेक जण मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लोच्या गरजांच्या पायऱ्या (अन्नपाण्यापासून सुरक्षितता, प्रेम, मान असं वर चढत जाणाऱ्या) काढतात आणि पात्राला एका पायरीवर बसवतात. 'हिची सुरक्षिततेची पातळी आहे, म्हणून हिला मानाची गरज नाही' हा निष्कर्ष चुकीचा. मास्लोने १९४३ च्या लेखातच सांगितलं होतं की हा क्रम ताठर नाही आणि एका कृतीमागे अनेक गरजा एकाच वेळी असू शकतात. सुप्रसिद्ध त्रिकोणही त्याने काढलेला नाही, तो नंतरच्यांचा. उपाशी माणूस मानासाठी ताट सारतो, हे आपण घराघरांत पाहतो. दोन गरजा जिथे एकमेकींना छेदतात तिथेच प्रसंग असतो. आत्याला छप्परही हवं आहे आणि मानही. सही केली तर पैसे आणि ठाण्यात एक खोली मिळेल, पण मालकीणपण जाईल.

तपासणी: गरज अशी लिहा की ती दुसऱ्या माणसाच्या एका कृतीने पुरी होऊ शकेल. 'तिला प्रेम हवंय' लिहिलंत तर प्रसंग सापडणार नाही. 'पुतणीने तिला आधी विचारावं' लिहिलंत तर प्रसंग दिसायला लागतो.

टप्पा ३ : भीती कशी शिकली ते ठरवा

भीतीचं कारण म्हणून लेखक एक मोठी जखम शोधतात आणि तिथेच थांबतात. जखमेपेक्षा शिकणं जास्त कामाचं, कारण शिकलेली गोष्ट रोजच्या वागण्यात दिसते.

पहिलं, जोडणी. मूळ संकटाच्या वेळी आजूबाजूला असलेली एखादी साधी वस्तू, आवाज किंवा वास भीतीशी जोडला जातो. त्याला अभिसंधान म्हणतात. आत्या सव्वीस वर्षांची असताना सासरहून पहाटेच्या एसटीने एका ट्रंकेसह माहेरी पाठवली गेली. त्या पहाटे ट्रंकेची कडी लावल्याचा आवाज झाला होता.

दुसरं, पसरणं. भीती मूळ वस्तूपुरती राहत नाही, तिच्यासारख्या वस्तूंवर पसरते. वॉटसन आणि रेनर यांनी १९२० साली एका तान्ह्या मुलावर केलेला प्रयोग यासाठीच सांगितला जातो (आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही): पांढऱ्या उंदराची शिकवलेली भीती सशासारख्या केसाळ गोष्टींवरही गेली. आत्याच्या बाबतीत ट्रंकेवरून भीती कुठल्याही भरलेल्या बॅगेवर गेली आहे. घरात पाहुणा आला की ती पहिलं वाक्य बोलते, "ती बॅग आधी खाटेखाली सरकव." कारण तिला स्वतःलाही सांगता येणार नाही. वाचकालाही लगेच सांगू नका.

तिसरं, टिकणं. भीतीने शिकवलेली सवय का सुटत नाही? कारण ती दर वेळी थोडा आराम देते. बॅग नजरेआड झाली की छातीतली धडधड कमी होते, म्हणून पुढच्या वेळीही ती तेच करते. नको असलेली गोष्ट दूर झाल्याने वागणं बळावतं, याला ऋण प्रबलन म्हणतात. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, ही चूक अभ्यासक्रमाच्या पुस्तकांतून वर आलेल्यांचीही होते. शिक्षेने वागणं कमी होतं, प्रबलनाने वाढतं, मग ते धन असो की ऋण.

सावधान, स्मृतीबद्दल: भूतकाळाचा प्रसंग चित्रपटासारखा जसाच्या तसा आठवतो असं लिहू नका. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली लोकांना मोटार अपघातांच्या चित्रफिती दाखवून गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात 'धडकून चुराडा झाला' अशा धाटणीचं क्रियापद असलं की सांगितलेला वेग वाढे. आठवड्यानंतर अशा लोकांपैकी जास्त जणांनी फुटलेली काच पाहिल्याचंही सांगितलं, जी चित्रफितीत नव्हती. आठवण प्रत्येक वेळी नव्याने रचली जाते. म्हणून आत्याची ती पहाट कथेत दोनदा आली तर दोन्ही वेळा थोडी वेगळी येऊ द्या. एकदा दार भावाने उघडलेलं असतं, एकदा वहिनीने. यातून काय बदलतं ते वाचक शोधतो.

टप्पा ४ : एक मुख्य बचाव निवडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. भीती जवळ आली की माणूस ती सरळ दाखवत नाही. मन तिला वळण देतं. या वळणांना संरक्षण यंत्रणा म्हणतात. पात्र कसं बोलतं हे इथे ठरतं, म्हणून वाचकाला ते इथूनच ओळखू येतं.

एकच घटना घ्या आणि तिच्यावर सगळे बचाव चालवून बघा. घटना: भावाने आत्याला न विचारता घर विकायचं ठरवलं.

१. नकार. "विकायचं-बिकायचं काही नाही. तो असाच बोलतो." आणि पावसाआधी कौलं चाळायला गडी सांगून ठेवते.

२. दमन. भावाचं पत्र आलं होतं हे आठवतं, त्यात काय होतं आणि ते कुठे ठेवलं हे आठवत नाही. शोधायला बसली की दुसरंच काम निघतं.

३. विस्थापन. राग भावावर आहे, निघतो नारळ पाडायला आलेल्या माणसावर. "चार नारळ कमी मोजलेस."

४. समर्थन, म्हणजे मनातलं कारण झाकायला दुसरं पटणारं कारण देणं. "घरात वावर नसला की वाळवी लागते. मी माझ्यासाठी नाही, घरासाठी म्हणते."

५. प्रक्षेपण, म्हणजे स्वतःतली नकोशी गोष्ट दुसऱ्यात बघणं. "या पोरीच्या डोळ्यांत हाव आहे." हाव कुणाची, ते टप्पा ५ मध्ये.

६. उलटी प्रतिक्रिया. घर बघायला आलेल्या दलालाला आग्रह करकरून घावने वाढते, नको म्हणत असताना तिसरा चहा ठेवते. आदरातिथ्य गरजेपेक्षा जास्त असतं, म्हणून खटकतं.

सहाही वाक्यं लिहून झाली की मोठ्याने वाचा. एक वाक्य असं निघेल की पात्र तिथे स्वतःहून पुढे बोलायला लागतं. तो मुख्य बचाव. आत्यासाठी समर्थन. दुसरा बचाव राखून ठेवा. मुख्य बचाव मोडला की तो बाहेर येतो. आत्यासाठी विस्थापन.

समर्थन निवडलं असेल तर एक बारकावा सांभाळा: दिलेलं कारण खरं असू द्या. वाळवीचं म्हणणं खरंच आहे, कोकणात बंद घर टिकत नाही. कारण खोटं असतं तर रेवतीने ते दोन वाक्यांत खोडलं असतं. खऱ्या कारणामागे लपलेला माणूस हलवायला फार कठीण, आणि म्हणूनच त्याच्यावर प्रसंग उभे राहतात.

नेहमीच्या चुका दोन. पहिली: एका पात्राला चार-पाच बचाव देणं. मग पात्र दर पानावर वेगळं वागतं आणि लेखक त्याला गुंतागुंत म्हणतो. दुसरी: मुद्दाम मनात ठेवणं आणि दमन यांची गल्लत. आत्या एखादी गोष्ट जाणूनबुजून लपवत असेल तर ते दमन नाही, गुपित आहे. गुपिताला तिचं स्वतःचं लक्ष असतं, ती ते राखते. दमनाला तिचं लक्ष नसतं, ते चुकांतून बाहेर पडतं.

थांबा आणि तपासा: बचावाचं वाक्य पात्राऐवजी दुसऱ्या कुणाच्या तोंडी चालतंय का? चालत असेल तर ते अजून फार साधारण आहे. वस्तू, जागा, घरातला शब्द घाला.

टप्पा ५ : मुखवटा आणि सावली

मुखवटा म्हणजे चारचौघांत धरलेली प्रतिमा. सावली म्हणजे त्या प्रतिमेत न बसल्याने स्वतःचं म्हणून नाकारलेलं सगळं. या दोन गोष्टी जोडीनेच ठरवा, कारण सावलीचा आकार मुखवट्यावरून येतो.

आत्याचा मुखवटा: कुणाकडे काही न मागणारी. मग सावली: मागण्याची, मालकीची भूक. ती तांदळाच्या डब्यात नारळांचे पैसे ठेवते आणि भावाला हिशेबात कमी सांगते. आणि जगात तिला सगळ्यात जास्त तिडीक कुणाची? हपापलेल्या माणसांची. सावली ओळखायची खूण हीच: पात्र दुसऱ्यातल्या कोणत्या दोषावर प्रमाणाबाहेर चिडतं ते बघा. टप्पा ४ मधलं "डोळ्यांत हाव आहे" हे वाक्य आता जागेवर बसतं.

सावली म्हणजे दुष्टपणा नव्हे. अति नम्र माणसाच्या सावलीत साधा स्वाभिमानही असतो. आत्याच्या सावलीतली मालकीची भूकच तिच्या गरजेजवळ नेणारी आहे. सावलीचा पराभव दाखवणाऱ्या कथा म्हणून खोट्या वाटतात.

टप्पा ६ : तीन ठिकाणी उभं करून बघा

मानसशास्त्रज्ञ ली रॉसने १९७७ साली ज्याला आरोपणातली मूलभूत चूक म्हटलं, ती लेखकांची नेहमीची: दुसऱ्याच्या वागण्याचं कारण शोधताना आपण स्वभावाला जास्त आणि परिस्थितीला कमी महत्त्व देतो. परिणामी पात्र सगळीकडे सारखंच वागतं.

पात्राला तीन जागी, प्रत्येकी पाच ओळींत लिहा. घरच्या पडवीत आत्याचा आवाज चढा. तलाठी कार्यालयात ती हळू बोलते, पिशवी दोन्ही हातांनी धरते, शेवटचा प्रश्न विचारायचा राहून जातो. शिमग्यात पालखी दारी आली की ओटी भरायला तीच पुढे होते. तेवढा वेळ ती निर्विवाद घरधनीण असते. तिन्ही ठिकाणी माणूस एकच आहे हे कळलं पाहिजे, पण तिचं वागणं एकसारखं नको. या टप्प्याला वीस मिनिटांपेक्षा जास्त लावू नका. त्यातला एक तुकडा बहुधा कथेत जसाच्या तसा जातो.

टप्पा ७ : प्रसंगांची चढण

आता कागदावरचं पात्र हालवायचं. उडी नको, पायऱ्या हव्यात. चांगला माणूस एका प्रसंगात क्रूर झालेला वाचकाला पटत नाही, पण पाच लहान पावलांत झालेला पटतो.

कैकेयी बघा. रामाच्या अभिषेकाची बातमी ऐकून ती आधी आनंदते आणि मंथरेला दागिना देते. मग मंथरा तिच्या भीतीवर बोट ठेवते: भरताचं काय, तुझं काय. वर मागण्याआधी ती या वाटेने तिथवर आलेली असते.

या पायऱ्यांना बळ देणारी यंत्रणा म्हणजे वागणं आणि मत यांतला विसंवाद. लिऑन फेस्टिंगरने १९५७ साली ही मांडणी केली. १९५९ साली कार्लस्मिथबरोबर केलेल्या प्रयोगात लोकांना कंटाळवाणं काम करायला लावून पुढच्या माणसाला 'काम मजेदार होतं' असं सांगायला लावलं. काहींना त्यासाठी १ डॉलर मिळाला, काहींना २० डॉलर. नंतर विचारल्यावर ते काम खरंच बरं वाटलं असं १ डॉलरवाल्यांनी जास्त सांगितलं. २० डॉलरवाल्यांकडे खोटं बोलल्याचं कारण होतं. १ डॉलरवाल्यांना ते मतातून शोधावं लागलं.

लेखकासाठी याचा सरळ अर्थ: पात्राला चुकीच्या पावलासाठी लहान कारण द्या. मोठी लाच घेणाऱ्याला माहीत असतं की आपण पैशासाठी केलं. क्षुल्लक कारणाने चुकणारा स्वतःचं मत बदलून घेतो, आणि मग पुढचं पाऊल सोपं होतं.

आत्याची चढण:

१. रेवती माडी बघायला किल्ली मागते. आत्या म्हणते, "सापडत नाहीये." किल्ली कमरेलाच आहे.

२. रेवती शोधायला लागते. आत्यालाही सोबत शोधावं लागतं. आता ती खोटं बोलत नाही, खोटं वागते.

३. "परवा नारळ पाडायला आला होता ना..." वाक्य अर्धंच सोडते.

४. तो माणूस आल्यावर रेवती त्याला विचारते. आत्या गप्प बसते. रात्री स्वतःशी म्हणते, त्याने घेतलीही असेल, तसा हात लांबच आहे त्याचा.

५. त्याचं येणं बंद होतं. नारळ झाडावर राहतात, पडून फुटतात. सकाळी अंगणात आवाज होतो आणि आत्या दचकते.

समर्थन तिसऱ्या पायरीवर मोडतं आणि राखून ठेवलेलं विस्थापन बाहेर येतं. एका निरपराध माणसाचं काम जातं, म्हणजे बचावाला किंमत लागली. ती लागलीच पाहिजे. ज्या बचावाने कुणाचं काही बिघडत नाही तो नुसता लकबीचा तपशील राहतो.

वळणही तक्त्यातूनच काढा. राखणदार मान राखणाऱ्याला वाट देतो. रेवती दुसऱ्यांदा येते तेव्हा कुणी न सांगता आपली बॅग खाटेखाली सरकवते आणि विचारते, "आत्या, तुझं काय म्हणणं आहे घराबद्दल?" इथे आत्याने रडू नये, आठवण सांगू नये. तिने कमरेची किल्ली काढून पाटावर ठेवावी. सही करते की नाही, हे तुम्ही ठरवा. दोन्ही शेवट आता प्रामाणिक होतील.

तपासणी: पाच पायऱ्यांपैकी मधली कोणतीही एक झाका. पुढची तरीही पटत असेल तर झाकलेली अनावश्यक आहे.

टप्पा ८ : संज्ञा पुसा, आजार तपासा

पहिला खर्डा झाला की त्यातून अहंकार, नेणीव, ट्रॉमा, टॉक्सिक, इनसिक्युअर हे शब्द शोधून काढून टाका. पात्र स्वतः मानसशास्त्राचं विद्यार्थी असेल तरच अपवाद. 'तिला असुरक्षित वाटलं' हे वाक्य काढून त्या जागी तयारीतल्या नोंदींसारखी एक कृती ठेवा.

कृतींवर विश्वास ठेवायला हरकत नाही. हायडर आणि सिमेल यांनी १९४४ साली दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडेतिकडे फिरणारी छोटी चित्रफीत दाखवली, तर पाहणाऱ्यांनी त्यात पाठलाग, दमदाटी, भांडण पाहिलं. नुसत्या हालचालीतून माणूस मन वाचतो. तुमच्या वाचकाकडे त्रिकोणापेक्षा बरंच जास्त आहे.

पात्राला आजार दिला असेल तर या तीन जागा नक्की बघा, कारण इथली चूक खऱ्या रुग्णांना भोवते:

• स्किझोफ्रेनिया म्हणजे एका शरीरात दोन व्यक्ती नव्हेत. 'छिन्नमनस्कता' हा मराठी शब्द या गैरसमजाला हातभार लावतो. त्यात भास, भ्रम, विचारांतला विस्कळीतपणा असतो. अनेक व्यक्तिमत्त्वांचा विकार वेगळा आणि दुर्मीळ आहे.

• मंत्रचळ (ओसीडी) म्हणजे टापटिपीची आवड नव्हे. नको असलेले विचार जबरदस्तीने येतात आणि ते शमवायला केलेल्या कृतींतून आनंद मिळत नाही, फक्त तात्पुरती सुटका मिळते. टप्पा ३ मधलं ऋण प्रबलन इथेही लागू पडतं.

• आजार हे गुन्ह्याचं कारण म्हणून वापरू नका. 'तो मनोरुग्ण होता' या वाक्याने टप्पा २ ते ७ मधलं सगळं काम पुसलं जातं, आणि आजाराबद्दलची भीती मात्र वाचकाबरोबर घरी जाते.

टप्पा ९ : दुसऱ्याकडून वाचून घ्या

दोन वाचक पुरेत, लेखक नसलेले. 'आवडली का' विचारू नका. तीनच प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत बोलू नका. हिला काय हवं होतं? ही कशाला घाबरते? कुठल्या जागी तुम्हाला वाटलं की ही आता वेगळी वागेल?

उत्तरं तक्त्याशी ताडून पाहा आणि अडलेल्या टप्प्यावर परत जा:

• पात्र कळलं पण कथा कुठे जात नाही असं म्हणाले: टप्पा १. क्रियापद हरवलं आहे.
• शेवट आधीच कळला होता: टप्पा २. मागणी आणि गरज एकच झाल्या.
• भीती कळली, पण लेखकाने सांगितली म्हणून: टप्पा ३. वस्तू किंवा आवाज सापडलेला नाही.
• सगळी पात्रं एकसारखी बोलतात: टप्पा ४. दोन पात्रांना एकच बचाव दिला गेला आहे.
• एकदम असं का वागली: टप्पा ७. एक पायरी गाळली आहे.

दोघांची उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत तर घाईने खर्डा बदलू नका. गरजेबद्दल मतभेद असेल तर टप्पा २ तपासा. भीतीबद्दल मतभेद असेल आणि दोघांनीही मजकुरातली एखादी कृती दाखवून आपलं म्हणणं मांडलं असेल, तर तो खर्डा तसाच ठेवा आणि दुसऱ्या पात्रासाठी नवा फुलस्केप आडवा धरा. रेवतीचे सहा रकाने अजून रिकामे आहेत.